मानाची चढाई

माझ्या दवाखान्यात दिवसभरात जेवढी माणसं येतात त्याच्या दुप्पट गुडघे येतात. नगरला सावेडीत एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी दोन गाळे जोडून मी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. निवृत्त शिक्षक, घरोघरी पोळ्या लाटून पाय सुजलेल्या बायका, उसाच्या मोळ्या वाहून कंबर गेलेली माणसं, स्कूटीवरून घसरलेल्या कॉलेजच्या मुली, सगळे येतात, पलंगावर बसतात आणि म्हणतात, बघा हो जरा. मी बघते. गुडघा दाबते, वाकवते, सरळ करते. घरी गेल्यावर नवरा काही सांगायला लागला तर माझी नजर आधी त्याच्या गुडघ्यांवर जाते. दहा-बारा वर्षं हे चाललंय. कंटाळा आला म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, म्हणून मी थकले असं म्हणते.

या सगळ्यांतला एक उजवा गुडघा माझ्या धाकट्या भावाचा. वय वर्षं तेवीस. तो कबड्डीत चढाई करणारा, म्हणजे दम धरून समोरच्यांच्या हद्दीत एकट्याने शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि पकडले न जाता परत यायचं, हे त्याचं काम. समोर सात जण आणि हा एकटा. आमच्या घराण्यात असलं काही कुणी केलेलं नाही. देवळाली प्रवरेत आमचे पणजोबा पंचांग सांगत, आजोबा कचेरीत लिहीत, बाबा शाळेच्या ऑफिसात कारकून होते. आमच्याकडची माणसं एकदा खुर्चीत बसली की निवृत्त होऊनच उठतात. बस सुटत असली तरी आम्ही धावत नाही. दुसरी येईल, असं बाबा म्हणतात, आणि ती खरोखर येते.

हा मात्र वेगळा निघाला. तो शाळेत असतानाच आई गेली. मी नगरला नुकताच दवाखाना थाटला होता, बाबा संध्याकाळपर्यंत ऑफिसात, आणि मधला सगळा वेळ हा शाळेमागच्या मैदानावर. तिथली पोरं ऊसवाल्यांची, दूधतुपावर वाढलेली. एकेकाची मांडी अशी, की माझ्या भावाचे दोन्ही पाय तिच्यात मावावेत. ती त्याला 'पंचांग' म्हणायची. तिथी बघून चढाईला येतो का रे, असं विचारायची. त्याने ते नाव लावून घेतलं आणि खेळत राहिला.

चढाई करणाऱ्यांच्या तऱ्हा असतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. काही जण अंगाने तगडे असतात. ते मधोमध घुसतात, दोघा-तिघांना अंगावर घेतात आणि तसेच ओढत मध्यरेषेपर्यंत येतात. काही जण नुसतेच चपळ आणि हिशेबी. ते आत फारसे जातच नाहीत. बोटाच्या टोकाने शिवतात, पायाच्या अंगठ्याने शिवतात, आणि समोरच्याला कळेपर्यंत परत आलेले असतात. माझा भाऊ हडकुळा, म्हणून पहिलं जमणार नव्हतं. आणि धीर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून दुसरंही नाही. त्याने आपलं तिसरंच काढलं. समोरचा घोटा धरायला खाली वाकला, की हा त्याच्या पाठीवरून उडी मारून पलीकडे जायचा.

ती उडी मी पहिल्यांदा पाहिली शेवगावकडच्या एका गावात. थंडीतल्या स्पर्धा होत्या. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, भिंतीवर, शाळेच्या पत्र्यावर बसलेली. याचा नंबर आला की सगळीकडून एकच आवाज, उडी, उडी. माईकवरचा माणूस दर उडीला कुणी ना कुणी लावलेलं बक्षीस पुकारायचा. चोरट्या पायाने मिळवलेल्या गुणाला कुणी बक्षीस लावत नाही, हेही मी तेव्हाच पाहिलं. दोघं वाकलेले, हा त्यांच्यावरून गेला, आणि क्षणभर तो आमच्या घरातला कुणी वाटलाच नाही. माझा ऊर भरून आला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण माझे डोळे फिजिओचे. उडी नाही, त्यांना उतरणं दिसलं. तो एका पायावर उतरत होता आणि उतरताना गुडघा आत वळत होता. मी बाबांना तसं म्हटलं. बाबा म्हणाले, पडला तर नाही ना?

पुढे बरेच दिवस तो पडला नाही. मग एकदा पडला.

ते मॅटवर झालं. मातीवर पाय घसरतो, आणि घसरतो म्हणून वाचतो. मॅटवर बूट चिकटतो. पाय जागच्या जागी राहतो आणि वरचं शरीर फिरतं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तेव्हा त्याला आवाज आला म्हणे, वाळलेली काडी मोडावी तसा. ऑपरेशन झालं. त्याच्याच मांडीतल्या शिरेचा तुकडा काढून आत बसवला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की गुडघा उभा करून दिलाय, पण तो किती वर्षं टिकेल हे माझ्या हातात नाही, हा कसा खेळतो त्यावर आहे. उड्या मारणार असेल तर एखादा मोसम. जमिनीवर राहून खेळला तर आठ-दहा वर्षं कुठे गेली नाहीत.

हे आठ-दहा वर्षांचं गणित आमच्यासाठी मोठं होतं. पडण्याच्या आधी एका सरकारी खात्याच्या संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला पाहिलं होतं. खेळाडूंच्या जागेवर नोकरी, खेळत राहायचं, पुढे खेळ सुटला तरी नोकरी कायम. पडल्यावरही त्या भल्या माणसाने शब्द फिरवला नाही. जानेवारीत चाचणी आहे, गुडघा बरा करून ये, धावून दाखव, खेळून दाखव, मग बघू, असा त्यांचा निरोप होता. बाबांनी तो निरोप किती लोकांना सांगितला असेल, देव जाणे. मुलगा खेळणार होता आणि खुर्चीतही बसणार होता. त्यांच्या दोन्ही इच्छा एकाच कागदावर आल्या होत्या.

मग त्याला मी माझ्या घरी आणलं. हॉलमधल्या सोफ्यावर त्याचं अंथरूण पडलं ते जवळजवळ वर्षभर. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी त्याचे व्यायाम, दुपारी जेवायला आले की व्यायाम, रात्री जेवणं झाली की पुन्हा. दिवसभर लोकांचे गुडघे आणि उरल्यासुरल्या वेळात याचा. नवऱ्याने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण एकदा तो म्हणाला की आपल्या घरात तिघं राहतो की चौघं, मला कळेनासं झालंय. गुडघ्याचं वेगळं ताट वाढायचं का?

पाय ताकदीचा होणं हे निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे त्याचा खेळ बदलणं, आणि तिथे घोडं अडलं. मला कबड्डीतलं काही कळत नाही, म्हणून मी मोबाईलवर सामने बघायला लागले. त्यात मला एक चढाई करणारा सापडला, पस्तिशी ओलांडलेला, कपाळ मागे गेलेलं, अजून मोठ्या संघात खेळत होता. तो काय करतो हे पहिल्या दोन-तीन दिवसांत मला समजलंच नाही. काहीच करत नाही असं वाटायचं. इकडून तिकडे हलतो, जिच्यापलीकडे नुसतं पाऊल टेकलं तरी गुण मिळतो त्या बोनसच्या रेषेपलीकडे पाऊल टाकतो, एखाद्याच्या हाताला बोट लावतो, परत. त्याची एकही चढाई लक्षात राहत नाही. पण मोसमामागून मोसम तो माणूस उभा होता, आणि त्याच्या बरोबरीचे सगळे कधीच घरी बसले होते. मी भावाला म्हटलं, हा बघ, असं खेळायचं.

भाऊ थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हे म्हणजे मेथी निवडल्यासारखं आहे.

पण त्याने केलं. मला तेवढं त्याचं मानलं पाहिजे. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, स्कूटरी बाजूला सारून आम्ही खडूने रेषा आखल्या. मी ओढणी कमरेला बांधून समोर उभी राहायची आणि तो मला शिवून परत जायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या चेअरमनकडे तक्रार केली, की डॉक्टरीणबाई रात्री पार्किंगमध्ये धावतात. उडीची जागा त्याच्या अंगातून पुसून टाकायला महिने लागले. मी मुद्दाम खाली वाकायची, घोटा धरायला आल्यासारखी, आणि तो दर वेळी आधी वर उसळायचा, मग स्वतःला आवरायचा. हळूहळू उसळणं कमी झालं. पावसाळा संपता संपता मी वाकले तरी तो जमिनीवर राहायला लागला, नुसतं अर्धं पाऊल मागे घ्यायचा आणि माझ्या खांद्याला बोट लावून निघून जायचा. त्या दिवशी मी घरात शिरा केला.

डिसेंबरच्या सुरुवातीला शहरातल्या एका मैदानावर सरावाचा सामना झाला. तो जवळजवळ पूर्ण खेळला. हाताने गुण घेतले, पायाने घेतले, बोनस घेतले, एकदाही पकडला गेला नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण टाळ्या वाजवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. प्रशिक्षकांचा एक माणूस आलेला होता, तो जाताना म्हणाला, आता कसं शहाण्यासारखं खेळतो पोरगा, जानेवारीत काही अडचण यायची नाही. मला स्कूटरवर बसल्या बसल्या गाणं म्हणावंसं वाटत होतं. भाऊ मागे बसला होता. मी सिग्नलला मान वळवून विचारलं, कसं वाटलं?

"दुखलं नाही," तो म्हणाला.

मी पुढे काही विचारलं नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

त्याच आठवड्यात शेवगावकडच्या त्या गावातून आमंत्रण आलं. यंदाच्या स्पर्धेत याचा सत्कार करायचा होता. मंडळाचे अध्यक्ष, चांगले धिप्पाड शेतकरी गृहस्थ, स्वतः माझ्या दवाखान्यात आले आणि आलेच आहेत तर म्हणून स्वतःचा गुडघाही दाखवला. भाऊ जायला तयार नव्हता. मीही नको म्हणत होते. चाचणी तोंडावर आलेली, उगाच प्रवास कशाला. पण याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, ऑपरेशनच्या वेळी गाडी भरून भेटायला आले होते. बाबा म्हणाले, मानाने बोलावतात तर नाही म्हणू नये. बाबांच्या तोंडून मान हा शब्द आला की आमच्या घरातला वाद संपतो.

अडचण एकच होती. त्या भागात सत्काराबरोबर मानाची चढाई असते. सत्कार झालेला जुना खेळाडू एकदा मैदानात उतरतो, तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्यांच्या हद्दीत जातो, पलीकडची रेषा शिवतो आणि परत येतो. समोरचे त्याला धरत नाहीत, धरायचं नसतंच. मग टाळ्या होतात, नारळ हातात देतात. साधारणपणे पोट सुटलेल्या, केस पिकलेल्या माणसांना हा मान मिळतो. त्यांना दम लागतो, लोक हसतात, तेही हसतात. हे सगळं ऐकल्यावर मी अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, की त्याला कुणी हात जरी लावला तरी माझं वर्ष वाया जाईल.

"मॅडम, तुमी काय काळजी करू नका," ते म्हणाले. "आमी पोरान्ला सांगून ठिवतो. त्याच्या अंगाला कुनी बोट लावनार न्हाई. आमचा बी जीव हाय त्याच्यावर."

त्यांनी शब्द पाळला, हे आधीच सांगून टाकते. भावाकडूनही मी कबूल करून घेतलं. चालत जायचं, रेषा शिवायची, चालत यायचं. तो म्हणाला, हो ताई, म्हातारा झालो असं समजून जातो.

भाड्याची गाडी करून आम्ही तिघं गेलो, बाबा, तो आणि मी. शेवगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेला, तुरी उभ्या, हवा कोरडी. मैदानावर पाणी मारून रोलर फिरवला होता. माणसं तशीच, ट्रॉलीवर, भिंतीवर, पत्र्यावर. त्याला फेटा बांधला, शाल पांघरली, भाषणं झाली. एका भाषणात त्याचा उल्लेख 'आपल्या सर्वांच्या आठवणीतला खेळाडू' असा झाला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर मैदानाकडे बघत होता.

मग माईकवर मानाची चढाई पुकारली. त्याने फेटा काढून बाबांच्या हातात दिला, शाल माझ्याकडे, आणि पँट काढली तर आत खेळायची चड्डी घातलेली. ती त्याने कधी घातली, मला माहीत नाही. पायात काही नव्हतं. त्याने मैदानाला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेला.

समोर गावच्या संघातले सात जण एका ओळीत उभे होते, हात पुढे बांधून, हसऱ्या चेहऱ्याने. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. तो खरोखर चालतच गेला. कबड्डी कबड्डी असा एकसारखा आवाज, खांदे सैल, पाऊल बेताचं. मी श्वास सोडला. तो डाव्या कोपऱ्याजवळ पोचला. तिथे उभा होता एक कॉलेजातला पोरगा, त्या संघाचा कोपरारक्षक. याला बघत बघतच तो खेळ शिकला होता, असं नंतर कळलं. त्याला काय वाटलं कोण जाणे. मोठा खेळाडू इतक्या जवळ आला, म्हणून तो पाया पडायला खाली वाकला.

आणि माझा भाऊ उडाला.

मी उभी राहिले होते. ओरडायला की बघायला, हे मला आजही सांगता येणार नाही. उडी चांगली उंच होती, पूर्वीसारखीच, खाली वाकलेल्या त्या पोराच्या पाठीवरून सरळ पलीकडे. सगळ्या मैदानातून एक आवाज निघाला. तो एका पायावर उतरला, गुडघा आत वळला, आणि आवाज थांबला. मला पाच पावलांवरून काही दाबून बघायची गरज पडली नाही. तो मातीत बसला होता आणि त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरला होता. त्याच्या अंगाला कुणी बोटही लावलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून पकडीचा बंदोबस्त केला होता, आणि पाया पडण्याचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नव्हता.

परतीच्या रस्त्यावर बाबा पुढे बसले होते, मांडीवर फेटा आणि नारळ. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा एमआरआय काढून आणला, तो बघून डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आधीच ठाऊक होतं. आत बसवलेली शीर तुटली होती, शेजारची गादीही फाटली होती. पुन्हा ऑपरेशन करता येईल, चालता येईल, पळताही येईल कदाचित. कबड्डी नाही. जानेवारीची चाचणी नाही आणि पुढची कुठलीच नाही. प्रशिक्षकांना फोन मीच केला. ते म्हणाले, अरेरे. त्यांचा तो अरेरे अगदी मनापासूनचा होता.

लोकांनी सगळा दोष त्या पोराला दिला. पाया पडायची हीच वेळ सापडली का, असं म्हणून गावाने त्याला नको नको केलं. काही दिवसांनी अध्यक्ष त्याला घेऊन दवाखान्यात आले. पोरगा दारातच उभा, मान वर करेना. माझा भाऊ कुबड्या भिंतीला लावून बाकावर बसला होता. मी त्या पोराला तेच सांगितलं जे मी स्वतःला सांगत होते: की यात तुझी चूक नाही, वाकलेला माणूस दिसला की उडायचं हे शरीराला इतकी वर्षं शिकवलेलं असतं, ते डोक्याला विचारत नाही. माझं सगळं शिक्षण मला तेच सांगत होतं. भावाने त्याला जवळ बसवलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला, कुठल्या कॉलेजात आहेस, घोटा धरताना डावा हात आधी टाकतोस की उजवा, असलं काहीबाही विचारलं. पोरगा डोळे पुसत गेला. चहा झाल्यावर अध्यक्षही गेले.

मग बाहेरचं दार लागल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तो पाया पडतोय हे मला दिसलं होतं."

मी हातातली मलमाची ट्यूब खाली ठेवली.

"ते सात जण हात बांधून उभे होते ना," तो म्हणाला, "मला वाटलं, माझं पान वाढून ठेवलंय. आपण दहाव्याला कावळ्यासाठी ठेवतो तसं. सगळे मागे सरकून उभे, आणि मी कधी शिवतो याची वाट बघतायत. आणि तो वाकला. ताई, वर्षभर तू वाकत होतीस आणि मी खाली राहत होतो. मला एकदा बघायचं होतं, की अजून आहे का ते."

मला आलेला राग मी इथे लिहून सांगू शकत नाही. माझं वर्ष, माझ्या नवऱ्याचा हॉल, बाबांनी गावभर सांगितलेला निरोप, आठ-दहा वर्षं, सगळं त्याने एका उडीत उधळून टाकलं होतं, आणि वर ते समजून-उमजून. मी त्याला म्हटलं, की तू मूर्ख आहेस. मग म्हटलं, की तू स्वार्थी आहेस. तो हो म्हणाला, दोन्हीला. त्याने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, काय मिळालं मग, होतं का अजून? तो म्हणाला, हो, होतं. आणि तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसत. मीही रडले. बाहेर दोन पेशंट थांबले होते, ते तसेच थांबले.

दुसरं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. तो पुन्हा आमच्या हॉलमध्ये आला. मी बाबांना त्याने काय सांगितलं ते सांगितलेलं नाही. त्यांच्या मनात ती नशिबाची गोष्ट आहे, आणि त्यांच्या वयाला तीच सोसते. ते आता त्याच्यासाठी ओळखीपाळखीत शब्द टाकतायत, कुठेतरी ऑफिसात चिकटवून घ्या म्हणून. होईल कुठेतरी.

टाके काढल्यावर मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. गर्दी ओसरल्यावर, जिथे सगळ्यांना बसवते त्याच पलंगावर बसवलं. टॉवेलची गुंडाळी करून त्याच्या गुडघ्याखाली सरकवली. हा व्यायाम मी सासवांना देते, निवृत्त मुख्याध्यापकांना देते. गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा. एवढंच. त्याच्या मांडीवर मी हात ठेवला. वर्षभर राबून आणलेला स्नायू दोन महिन्यांत वितळून गेला होता. हाताला नुसतं हाड लागत होतं.

"दाब," मी म्हटलं.

त्याने टॉवेलकडे पाहिलं. मागच्या वेळी जानेवारी होता, चाचणी होती, तो प्रशिक्षकांचा निरोप होता. तेव्हा त्याने कधी विचारलं नव्हतं. आता त्याने विचारलं, "आता कशासाठी, ताई?"

रोज दहा जण मला हे विचारतात आणि रोज माझ्याकडे उत्तर असतं. नातवाला उचलायला, पूजेला बसायला, बाजारात जाऊन यायला. तेवीस वर्षांच्या मुलाला ते सांगायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

"जिना चढायला," मी म्हटलं. "आपल्याकडे लिफ्ट नाही."

त्याने डोळे मिटले आणि गुडघा दाबला. माझ्या हाताखाली मांडी जरा थरथरली. मी मोजायला लागले.